आमच्या विहिरीचं जड पाणी

कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी माझी नजर छताकडे जाते. वाईट सवय आहे. समोरचा माणूस पाण्याचा पेला पुढे करतो आणि मी त्याच्या पंख्याच्या हुकाभोवतीचा डाग बघत असते. अकरा वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर घरं दुरुस्त करण्यात गेली, त्याचा हा परिणाम. समुद्राकडे तोंड करून बांधलेले बंगले, दोन-तीन हॉटेलं, बंदराजवळची गोदामं. खारा वारा काँक्रीटमध्ये मुरतो, आतल्या सळईला गंज चढतो, गंज फुगतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. आम्ही सैल झालेलं तोडायचं, सळई उघडी करून घासायची, फारच झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची आणि पुन्हा भरून काढायचं. परांचीवर हातोडी घेऊन उभी असलेली बाई बघितली की बंगल्याचे मालक आधी विचारायचे, साहेब कुठे आहेत. मी म्हणायचे, साहेब मीच. पुढे दोन दिवस त्यांच्याशी माझं पटायचं नाही.

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही. हे वाक्य मी त्या पावसाळ्यात स्वतःला किती वेळा ऐकवलं, त्याला गणती नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची कामं बंद पडतात, म्हणून मी गावी आले होते. आर्वीपासून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. बाबा मिस्त्री. वस्तीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि विहारही त्यांच्याच हातचा. वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. शेतातून आलेली माणसं हातपाय धुऊन, बाया पांढरं लुगडं किंवा साडी नेसून येऊन बसतात. चाळीसेक माणसं सहज असतात. वाचणारे बाबा. चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली, आवाज मात्र खणखणीत.

पहिल्याच संध्याकाळी मी मागच्या रांगेत बसले आणि सवयीने वर पाहिलं. बाबांच्या डोक्यावर छताला एक तपकिरी रेघ होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी, मग तिसरी. पाणी गळल्याचा डाग वेडावाकडा पसरतो. या रेघा सरळ होत्या, सळया जशा टाकतात तशा. त्यानंतर बाबांनी काय वाचलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराचा हॉल रिकामा असताना मी शिडी लावली आणि हातोडीच्या दांड्याने स्लॅब वाजवत गेले. चांगलं काँक्रीट ठण्ण वाजतं. इथे मधल्या भागात सगळीकडे बद्द आवाज येत होता. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते दाढी करत होते. वरच्या गच्चीवर पाणी साचतं, गळती आहे, पोपडे पाडून प्लास्टर मार आणि आश्विन पौर्णिमेच्या आत रंग दे, असं त्यांनी आरशाकडे बघूनच सांगितलं. मी म्हणाले की गळतीचा डाग असा नसतो. त्यांनी वस्तरा खाली ठेवला नाही.

"तू समुद्रावरून आली," ते म्हणाले. "तुले तं सगळीकडं मीठच दिसते."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की संध्याकाळी त्यांनी ते विहारातही सांगितलं. सगळे हसले. मीही हसले, आणि मनातून भयंकर चिडले. हसणाऱ्या त्या माणसांच्या डोक्यावर तीच रेघ होती.

पोपडे पाडायला त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी पाडले. पहिल्या दोन घावांत थाळीएवढा तुकडा सुटून खाली आला. आत सळई होती. म्हणजे मूळची बोटाएवढी जाड असणार, तिथे आता दाभणाएवढी उरली होती, आणि भोवती पापुद्रे. हात लावला तर पापुद्रा तळहातावर उतरला. मी शिडीवरून खाली आले आणि पिशवी उघडली.

माझ्या पिशवीत एक औषधाची बाटली असते. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर ते फवारलं की जिथे मीठ आहे तिथे पांढरं उमटतं, नाही तिथे तपकिरी. किनाऱ्यावर मी हे शेकडो वेळा केलंय. तिथे नेहमी बाहेरच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो आणि आत तपकिरी, कारण मीठ बाहेरून येतं. पट्टा किती जाड आहे, त्यावर आम्ही ठरवतो की किती खोल तोडायचं.

मी फवारलं. सगळं पांढरं झालं, आतपर्यंत. दुसऱ्या कोपऱ्यात खोल भोक पाडून पुन्हा फवारलं, तिथेही तसंच. बाहेरून काही आलेलं नव्हतं. मीठ स्लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून होतं, कालवलेलं. दाराशी बाबा उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

तो पहिला दिवस मला आठवत होता. मी तेव्हा तिसरीत असेन. आमच्या वस्तीत स्लॅब टाकायचा असला की घराघरातून एकेक घागर पाणी यायचं, आणि ते वस्तीच्या विहिरीचंच असायचं. गावातल्या विहिरीवर आमच्या आजोबांना चढू देत नव्हते, म्हणून त्यांनी सब्बल-पहारीने खडक फोडून ही विहीर खोदली होती. पाणी लागलं, पण ते खारं होतं. डाळ शिजायची नाही, चहात दूध फाटायचं. तरी वस्तीत कुणी त्याला खारं म्हणत नसे. 'जड पाणी' म्हणायचे. नवी सून आली आणि तिने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, तर सासू तिला बाजूला घेऊन समजावायची. मी एकदा पंगतीत सगळ्यांसमोर मोठ्याने 'खारं आहे' म्हणाले होते, तेव्हा बाबांनी मला थोबाडीत मारली होती. त्यांनी माझ्यावर हात उचलला तो तेवढा एकदाच.

विहाराच्या स्लॅबच्या दिवशी गावातून टँकर येत होता. बाबांनी तो परत पाठवला. मग साठ-सत्तर घागरी रांगेने आल्या. माझ्या कडेवरही एक छोटी कळशी होती. नंतर चौदा दिवस स्लॅबवर आळी करून तेच पाणी भरून ठेवलं होतं. म्हणजे आधी पाजलं आणि वरून अंघोळही घातली.

मला आता दोन गोष्टी करायच्या होत्या, आणि दोन्ही एकदम जमत नव्हत्या. एक, माणसांना त्या स्लॅबखालून बाहेर काढायचं. दोन, बाबांचं नाव वाचवायचं. गळती म्हटलं तर वरवर प्लास्टर होणार आणि लोक खालीच बसणार. मीठ म्हटलं तर कुणीही विचारणार की मीठ आलं कुठून.

मी आर्वीहून सेंट्रिंगवाल्याकडचे लोखंडी टेकू भाड्याने आणले आणि हॉलच्या मध्यावर उभे केले. त्याने मला जरा वेळ मिळाला, एवढंच. बाबांना टेकू बघून अपमान वाटला. वाचन अंगणात घ्या, निदान माझ्या समाधानासाठी, असं मी त्यांना तीन वेळा विनवलं. पाऊस आहे, म्हाताऱ्या माणसांनी चिखलात बसायचं का, असं ते म्हणाले. शाळेच्या वऱ्हांड्यात घ्या म्हटलं, तर ते चष्म्याची सुतळी आवळत बसले. एकाच घरात आम्ही दोघं ताट वेगवेगळ्या वेळी घेऊ लागलो. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

चार संध्याकाळी मी मागच्या रांगेत बसून छताकडे बघत काढल्या. पाचव्या संध्याकाळी बाहेर पाऊस चांगलाच लागला होता, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा दाट होती. बाया मुलांना घेऊन टेकूंना पाठ टेकून बसल्या होत्या. बाबांनी पान उलटलं, आणि वरून अंगठ्याएवढा खडा ग्रंथाच्या उघड्या पानावर पडला.

बाबांनी तो बोटाने बाजूला सारला आणि वाचत राहिले. दोन ओळी वाचल्या. मग त्याच जागेवरून बारीक धूळ पडली, पांढरी, पिठासारखी. त्यांचा आवाज थांबला. मी उठून उभी राहिले.

"बाबा, उठा," मी म्हणाले.

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. विहिरीजवळ राहणाऱ्या मावशी पहिल्याच रांगेत होत्या, बाबांच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, काय झालं पोरी, पडून राह्यलं का हे? बाबांनी चष्मा काढला.

"सांग त्यायले," ते मला म्हणाले. "काय निघालं तुह्या औषधात?"

मी खोटं बोलले. गच्चीवरून पाणी मुरलंय, सळया सडल्यात, जरा दिवस बाहेर बसू या, असं म्हणाले. अकरा वर्षांत एकाही बंगलेवाल्याला मी असं खोटं सांगितलं नव्हतं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"नाई," बाबा म्हणाले.

ते उठले. आधी त्यांनी मिस्त्री म्हणून हुकूम दिला: कोणी पळायचं नाही, भिंतीच्या कडेने एकेक जण, पोरं कडेवर, टेकूला कोणाचा धक्का लागता कामा नये. त्यांच्या आवाजात असं काही होतं की कुणी उलटून विचारलं नाही. रांग दाराबाहेर पावसात जाऊ लागली. मी दाराशी माणसं मोजत होते, आणि मोजताना मध्येच चुकत होते. शेवटी आत बाबा, मावशी आणि मी उरलो. बाबांनी ग्रंथ कापडात गुंडाळून मावशींच्या हाती दिला, त्यांना पुढे केलं आणि मग स्वतः निघाले. बाहेर सगळे शाळेच्या वऱ्हांड्यात दाटीने उभे होते. तिथे गेल्यावर ते बोलले.

"पाणी खारं होतं. मले मालूम होतं. मिस्त्रीले मालूम नाई रायत का? टँकर म्याच वापस पाठोला. आपल्या विहाराले त्यायचं पाणी काऊन लावू, असं वाटलं मले."

आता कोण काय म्हणतं, म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. बाबा सत्तरीचे. या वस्तीत त्यांच्याकडे आपल्या शब्दाला असलेल्या मानाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तो त्यांनी आता स्वतःच काढून ठेवला होता.

मावशींनी ग्रंथ छातीशी धरला होता. त्या म्हणाल्या, "आमी बी तं आणलं होतं. माह्या दोन घागरी होत्या." मग कुणीतरी पुटपुटलं, आमच्या घरची एक. कुणी म्हणालं, आमची बी. मी माझ्या कळशीचं सांगितलं. बाबांनी मान खाली घातली आणि भिंतीचा आधार घेतला. मी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले. त्या रात्री आम्ही पुन्हा एकत्र जेवलो.

उरलेलं वाचन शाळेच्या वऱ्हांड्यात झालं. पौर्णिमेनंतर आम्ही स्लॅब उतरवला. असं काँक्रीट भरून काढता येत नाही. मीठ आत कालवलेलं असेल तर कितीही तोडा, उरलेल्यात ते असतंच. बाबा रोज खुर्ची टाकून बसायचे आणि तोडणाऱ्यांना कुठून सुरुवात करायची ते सांगायचे. मधला भाग पडला त्या दिवशी मात्र ते आले नाहीत.

माघात नवा स्लॅब टाकला. वस्तीत आता नळ आहेत. घागरींची रीत कुणी सोडली नव्हती. पुन्हा रांग लागली, या वेळी नळाच्या पाण्याची. बाबा मिक्सरपाशी उभे होते आणि प्रत्येक घागरीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखत होते. चाखलं की मान हलवायची, मग घागर मिक्सरमध्ये. मला हसू येत होतं आणि रडूही.

मावशींची घागर आली. बाबांनी चाखलं आणि मान हलवली नाही. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी ताठ उभ्या होत्या. एकच हाय, त्या म्हणाल्या, आपल्या विहिरीची.

रांग थांबली. मिक्सर रिकामाच फिरत होता. मला वाटलं, आता हे टाकतात की काय मिक्सरमध्ये. बाबांनी घागर दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि घटघट प्यायले. पाणी त्यांच्या गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं.

"हे आपलं हाय, आपण पिऊ," ते मावशींना म्हणाले. "स्लॅबले नाई पाजत."

मग त्यांनी घागर माझ्याकडे वळवली. मी ओंजळ धरली आणि प्यायले. कितीतरी वर्षांनी ते पाणी माझ्या जिभेवर आलं होतं.

"खारं आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"हाय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची घागर मागितली.