सव्वादोनचं मत

आमच्या बौद्धवस्तीत बांगड्या भरायला येणारी मावशी मुसलमान आळीतली. तिच्या ध्यानात नावं राहत नाहीत, मापं राहतात. मी सव्वादोन, माझी सासू अडीच. "ए अडीच, सून कुठंय?" असं ओरडतच ती वस्तीत शिरते. सासूला राग येतो, पण बांगड्या तिच्याकडूनच भरते.

दर मतदानाला शाळेच्या फाटकात वरच्या आळीचा एक माणूस उभा असायचा. आम्हाला बघून म्हणायचा, "तुमची मतं पडली, जावा घरी." आम्ही खुशाल परतायचो. उलट वाटायचं, बरं झालं, रांगेचा ताप वाचला.

त्या वर्षी पंचायतीच्या मतदानाला मावशी आमच्यापुढं होती. तिलाही तो तेच म्हणाला. तिनं माझा हात धरून त्याच्या नाकापुढं नाचवला. "मत पडलं, मग शाई कुठंय? माझी बांगडी साबण लावल्याबिगर निघत न्हाई, आन् शाई आपोआप निघाली व्हय?"

तो बाजूला झाला. मावशी आम्हा सगळ्यांना घेऊन आत घुसली.

आत साहेबांनी नाव विचारलं. घाबरून मी म्हणाले, "सव्वादोन." साहेब बिचारे यादीत सव्वादोन शोधायला लागले. बाया हसू लागल्या, तेव्हा मी माझं खरं नाव मोठ्यानं सांगितलं. यादीत ते होतं, आणि त्याच्यापुढं मत पडल्याची कसलीच खूण नव्हती.

बोटाला शाई लागत होती, तेवढ्यात मागून मावशी म्हणाली, "अगं, हे तुझं नाव व्हय? चांगलं हाय की!"