दोन कुशींचा सिनेमा

सिनेमा केवढा लांब आहे, हे शेजारच्या आक्का तासांत सांगत नसत. "ह्यो एका कुशीचा हाय," नाहीतर "ह्यो दोन कुशींचा, लय ओढलाय," असं म्हणत. बँकेतल्या बदलीमुळे मी पलूसला नवीनच गेले होते. काही कळलं नाही, तरी मान डोलावली.

अर्थ कळला तो त्यांच्या घरात गेल्यावर. त्यांचे यजमान अण्णा द्राक्षबागेच्या मांडवावरून पडून मानेखाली लुळे झाले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. सात वर्षं आक्का त्या दोन तासांच्या दाव्याला बांधलेल्या होत्या. लग्नाला गेल्या तरी अक्षता टाकून परत.

डाव्या कुशीवर अण्णांना टीव्ही दिसे, उजव्या कुशीवर भिंत. खाट फिरवायला खोलीत जागा नव्हती. मग अर्धा सिनेमा अण्णा बघत आणि उरलेला आक्का सांगत. भिंतीकडून अण्णांचा आवाज येई, "मंग?" की आक्का पुढं सुरू.

आक्कांची मतं ठाम होती. हाणामारीच्या सिनेमाबद्दल म्हणत, "धा जणांला हाणतोय, त्यात काय? एका माणसाला नुसतं उचलून नीट निजवून दाव म्हणावं." विनोदी सिनेमे त्यांना आवडत, पण "ह्यास्नी दारं लय असत्यात गं. ह्या दारानं पळ, त्या दारानं ये." रडक्या सिनेमांवर त्यांचा खरा राग. "माणूस वर्षभर आजारी आन् चादर बघ कशी पांढरीफेक! धुतंय कोण, त्ये दावा की."

एकदा असल्याच एका सिनेमात शेवटी आजारी बाप मेला. अण्णा भिंतीकडं होते. "मंग?" त्यांनी विचारलं. पडद्यावर सरण रचत होते आणि आक्का सांगत होत्या, "मंग काय, उठला. काठी घिऊन अंगणात आला." मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

थेटरात बसून एक अख्खा सिनेमा बघायचा, एवढीच त्यांची हौस होती. मी हट्टाला पेटले. कुंडलहून त्यांच्या नणंदेला बोलावलं, आक्कांनी दोन दिवस कूस बदलायला शिकवलं आणि मी आक्कांना घेऊन सांगली गाठली. सिनेमात हाणामारी होती, हसवणारा मित्र होता, घरी वाट बघणारी आई होती. रजेवर निघालेला एक फौजी वैऱ्यांना चुकवत गावाकडं येत होता. आक्का खळखळून हसल्या, पदर तोंडाला लावून रडल्या. फौजी गावच्या वेशीवर उतरला आणि आक्का उठल्या.

"आक्का, दहा मिनिटं राहिलीत!"

"नणंदेला डावी-उजवी कळंल, पर त्येंचा दुखरा खांदा कळायचा न्हाई. चल."

एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही. राग आला होता. दार उघडं करून दिलं तरी ही बाई बाहेर का पडत नाही, असं वाटत होतं. घरी आलो तर नणंदबाईंनी सगळं व्यवस्थित केलं होतं. तरी आक्कांनी खांद्याखालची उशी दोन बोटं सरकवली आणि अण्णांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. माझा राग गेला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"मंग?" अण्णांनी विचारलं. आक्कांनी सिनेमा पहिल्यापासून सांगितला. न बघितलेला शेवटही सांगितला. "घरी पोचला. आईनं ताट वाढलं. दिस मावळायच्या आत जेवला." त्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. त्यामुळे फौजीलाही वेळेत पोचणं भाग होतं.

पुढं तो सिनेमा मी मोबाइलवर बघितला. फौजी वेशीवरच मरतो. हे मी कुणाला सांगितलं नाही.

यंदा माझी फलटणला बदली झाली. निघताना आक्का फाटकापर्यंत आल्या. स्टँडवर येणं शक्य नव्हतं, चारची कूस जवळ आली होती. माझा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "त्यो फौजीचा सिनेमा तू मागनं बघितला असशील की गं. शेवटाला काय हुतं?"

"तुम्ही अण्णांना सांगितलं तेच," मी म्हणाले. "घरी पोचतो. जेवतो."

आक्कांनी माझा हात थोपटला.

"व्हय? मंग मी त्येंच्यासंगं खोटं न्हाई बोलले," त्या म्हणाल्या आणि चार वाजायला आले म्हणून आत गेल्या.