भगताच्या दारातले बूट

आमच्या सालेममध्ये कोण कुठल्या वाटेनं गेलं ते लपत नाही. जुन्या पाद्र्यांनी ही ख्रिस्ती वस्ती गावापासून मुद्दाम वेगळी वसवली, त्यामुळे जुने देव-पूर्वज मानणाऱ्या खालच्या गावाकडे वळलेलं पाऊल लगेच डोळ्यांत भरतं. एन्तिरिवा तर अशा पावलांवर नजर ठेवणाऱ्यांची म्होरकी. चर्चच्या मंडळीतल्या महिला संघाची प्रमुख, स्वभावानं संशयी, तोंडानं फटकळ. कुणाच्या मयताला जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना हाक मारली, की हिला वास आलाच म्हणून समजा.

मग तिच्याच घरात शंकेला जागा झाली. मुलगा आसिएदू चर्चचा पाळक व्हायला निघालेला. धर्मशास्त्राच्या मोठ्या पदवीसाठी विद्यापीठात गेला आणि सुट्टीत भलतंच बोलायला लागला. ख्रिस्ताला आपला थोरला पूर्वज म्हटलं तर काय बिघडलं, असं त्यानं भर उपदेशात विचारलं. मंडळीच्या पंचांतले ज्येष्ठ, ओफेई, मोठ्यानं खाकरले. त्याला दीक्षा द्यायची की नाही हे येत्या सभेत ठरायचं होतं.

जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कांडता कांडता एन्तिरिवा मला, तिच्या शेजारणीला, म्हणाली, "आधी पोरगा प्रार्थना करायचा. आता प्रार्थनेलाच प्रश्न विचारतो. काहीतरी शिजतंय, बाई."

एका दुपारी तो पिशवीत जिनची बाटली घालून निघाला. ही मागोमाग. तो थेट खालच्या गावातल्या भगताकडे गेला. बाटली दिल्याशिवाय भगत तोंड उघडत नाही आणि पायातलं काढल्याशिवाय कुणी आत जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दारात त्याचे काळे बूट दिसले. दीक्षेसाठी हिनंच घेतलेले. सालेममध्ये ते कोण ओळखणार नाही? हिनं ते उचलले, अंगावरच्या कापडाखाली दडवले आणि वळली, तर समोर ओफेई. ते स्वतः तिथं काय करत होते हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मला मात्र फार विचारावंसं वाटतं.

सभेत तिला उभं केलं. भगताकडे कशाला गेली होतीस? खरं सांगितलं असतं तर ती सुटली असती, पण मुलाची दीक्षा गेली असती. ती म्हणाली, "माझ्या कामाला." संघाचं पद गेलं, चर्चमधल्या प्रभुभोजनाला बसणं बंद झालं. ज्या बायकांना तिनं जन्मभर टोचलं, त्या आता तिला पाहून कुजबुजू लागल्या. मला तिनं खरं सांगितलं, आणि गप्पही बसवलं. माझा नुसता संताप संताप झाला.

आसिएदूची दीक्षा मंजूर झाली. परत निघण्याआधी तो आईसमोर येऊन बसला. मी तिथंच केळी सोलत होते. बूट कुणा टारगटानं पळवले असं समजून तो अजून सपातांवरच फिरत होता. आजाऱ्याशी बोलावं तसा हळुवार बोलत होता. तुला दोष देत नाही, म्हणाला. ख्रिस्ती बायका चोरून भगताकडे का जातात, हा त्याच्या अभ्यासाचाच भाग होता. तुझं नाव कुठं येणार नाही, असंही म्हणाला. मग पेन उघडून त्यानं विचारलं, "आई, कधीपासून जातेस?"

एन्तिरिवा उठली. पलंगाखालून बूट काढले, कापडाच्या टोकानं पुसले आणि त्याच्या पायाशी ठेवले.

"एकदाच गेले," ती म्हणाली. "दारापर्यंत."