कानसेनांचा कान

गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे कानसेन म्हणत आणि त्या नावावर ते मनातून भलतेच खूश होते. गाडी अजून वळणावर असतानाच ते बसल्या जागेवरून सांगून टाकत, "पुढचं पॅड संपत आलंय." ब्रेकचं पॅड झिजलं की चाकाच्या चकतीवर घासून बारीक शीळ घालायला लागतं. ती शीळ गाडीच्या मालकाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी कानसेनांनी ऐकलेली असे. टॉर्च मारून, डोकं खुपसून पॅड बघणारे मेकॅनिक म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ हमाल.

पॅड निवडण्यातही त्यांचा खाक्या ठरलेला. कोणी "टिकाऊ टाका" म्हणालं की कपाळाला आठी पडायची. आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं: मागे कोण बसतं? एकटाच उधळणारा गडी असेल तर कडक पॅड. ते तापलं तरी पकड सोडत नाही, पुष्कळ दिवस पुरतं, फक्त चकती खातं. मागे म्हातारं माणूस असेल किंवा पोटुशी बाई, तर मऊ. ते अलगद धरतं, झटका देत नाही, पण झिजतं लवकर. काम झालं की जुनी पॅडं मालकाच्या तळहातावर ठेवायची आणि नव्या पॅडांचा पहिला ब्रेक स्वतः दाबून यायचं. हे दोन नियम त्यांनी जन्मात मोडले नव्हते.

घरी मात्र या कानाची टर उडायची. पॅडची कुजबुज ऐकू येते आणि दाराची बेल येत नाही, असं बायको म्हणायची. हा आजार लग्न झालेल्या सगळ्याच पुरुषांना होतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. लेक परिचारिका, घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघणारी. मध्ये वडिलांना ताप आला तेव्हा थर्मामीटर पीं पीं करून थकला, तरी ते तो काखेत धरून बसले होते. डोळा लागला असेल, म्हणून तिनेही ते सोडून दिलं.

एका दुपारी ती स्वतःची गाडी घेऊन गॅरेजमध्ये आली. ब्रेक दाबला की शीळ येते, म्हणाली. कानसेनांनी गल्लीतून एक चक्कर मारली आणि निकाल दिला की काही नाही, धूळ बसली असेल. लेक हट्टाला पेटली. तिने गाडी हाताने ढकलत हळूच ब्रेक दाबला. कानसेन कान लावून उभे राहिले, वाट बघत.

"बाबा, वाजलं की आत्ता."

"कुठे?"

"अजूनही वाजतंय."

तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पिशवीतला घसा बघायचा टॉर्च बाजूला सारून तिने थर्मामीटर काढला आणि तो त्यांच्या कानाशी सुरू केला. तो वाजला, वाजून बंद झाला. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत होते.

"वाजला?" त्यांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. 

कानसेनांनी तिची गाडी उघडली. पॅड नखाइतकं पातळ उरलं होतं. ते स्टुलावर बसले. कान गेल्याचं दुःख नंतर होणार होतं. आधी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, चढावरचा बेकरीवाला आठवला. मध्ये तो गाडी दाखवायला आला होता तेव्हा आपण ऐकूनच "अजून चालतील" असं सांगून त्याला पाठवून दिलं होतं. त्याच्या गाडीला पॅड मऊ घातलेलं, तेही आपणच निवडून, कारण मागे त्याची बायको बसते आणि तिचे दिवस भरत आले आहेत. बेकरी चढावर, दवाखाना उताराच्या तळाशी, आणि तिथे मोठा रस्ता. लेकीने फोन लावला. बेकरीवाल्याने उचलला नाही.

हात न पुसताच ते निघाले. चढ चढताना त्यांनी एक थाप तयार केली. इथून चाललो होतो, म्हटलं सहज बघून टाकू. थाप बरी होती. गिऱ्हाइकं येत होती ती या कानासाठी. कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवं गॅरेज उघडलं होतं, तरी येत होती. कान गेला म्हटल्यावर कोण येणार?

बेकरीसमोर रांग होती. बेकरीवाल्याने गाडी चालू केली होती आणि बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायच्या तयारीत होती. कानसेनांनी पुढे होऊन सरळ किल्लीच काढून घेतली. बेकरीवाला हसला. म्हणाला, "काका, मध्ये तुम्हीच तर ऐकून सांगितलंत, चालतील म्हणून."

थाप जिभेच्या टोकावर होती. कानसेनांनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही रे," ते म्हणाले. "बारीक आवाज कानात शिरतच नाही. गाडी उघडल्याशिवाय हिला बसवू नकोस."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. ते मात्र कानसेनांना ऐकू आलं आणि शरमेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी हाताने धरून तिघं उतार उतरले. वाटेत बेकरीवाला चाचरत म्हणाला, आवाज तर रोज येत होता, हल्ली खरखरही करायचा. पण म्हटलं, कानसेनांनी ऐकलंय, तिथे आपण कोण?

 गॅरेजमध्ये कानसेनांनी गाडी उघडली तर एका पॅडचा झिजून मागचा नुसता पत्रा उरला होता. त्यांनी साबणाने हात धुतले, कारण नव्या पॅडला तेलाचं बोट लागलं की ते घसरतं. पुन्हा मऊच पॅड निवडलं, बसवलं, ब्रेकची लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबली आणि पहिला ब्रेक मारून आले. सवयीने कान कलला. सगळं शांत होतं, पण त्या शांततेवर आता भरवसा नव्हता. त्यांनी चाक फिरवलं आणि मान खाली घालून बेकरीवाल्याच्या बायकोला विचारलं, "पोरी, काही वाजतंय का?"

ती अवघडत वाकली. बराच वेळ ऐकून म्हणाली, "नाही, काका."

राहता राहिली जुनी पॅडं. ती भंगारात टाकली असती तर कोणी विचारलंही नसतं. कानसेनांनी तो उघडा पत्रा तिच्या तळहातावर ठेवला. तिने त्यावरून बोट फिरवलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पुढच्या वेळीही तुमच्याकडेच येऊ," ती म्हणाली. "पण उघडून बघायचं."

कानसेनांनी मान डोलावली. 

गाडी निघाली तेव्हा लेक त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. उताराच्या तळाशी लाल दिवा लागला आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडे गाडी थांबली. कानसेन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग आत जाऊन त्यांनी लेकीकडे तिचा टॉर्च मागितला.