वाजणारी गोधडी

गोधडी वाजली पाहिजे, हे खूळ ताईच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी सरळ विचारलं, "तू पण बाबांच्याच वाटेला लागलीस की काय?" ती हसली नाही. बाबांना हल्ली काही आठवत नाही, आणि ते उठून चालू लागतात. मागच्या वेळी सापडले ते भर चौकात, दोन बसच्या मधोमध, अनवाणी. दादाने लगेच फोनवर निकाल दिला, "आता एकदा जरी बाहेर गेले, तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. विषय संपला." लांब राहून विषय संपवायला काय जातं!

कुलूप लावून पाहिलं होतं. बाबांनी दारावर आपटून आपटून तळवे रक्ताळून घेतले. ताईच्या शिलाई मशीनच्या आवाजात त्यांची पावलं ऐकू येत नाहीत, आणि मशीन बंद ठेवून घर चालत नाही. म्हणून ही गोधडी. बाबा उठले की तिने बोंब मारायची.

बाबा जन्मभर शिंपी. ताईला टाका त्यांनीच शिकवला, चुकला की उसवायला लावून. मी सुई बघूनच भोकाड पसरायचे, म्हणून सुटले. ताईच्या गोधड्या लोक उलटून बघतात, इतकी मागची बाजू देखणी. आणि तीच ताई आता अस्तरात कचरा भरत होती! आधी जुने एक्स-रे. ते असे गडगडले की बाबा दचकून कॉटवरून पडता पडता वाचले. मग दुधाच्या पिशव्या. त्यांनी नुसता घाम येतो. शेवटी वेफर्सची पाकिटं, धुऊन, पुसून. ती जमवताना माझ्या पोरांची पोटं बिघडली ती वेगळीच.

तरी गोधडी मुकी! ताई डोकं धरून बसली. मग तिच्या लक्षात आलं, तिचे टाकेच नडत होते. इतके बारीक, इतके जवळ, की पाकिटाला हलायला जागाच नाही. वाजायचं तर टाके लांब, ढिले, गबाळे हवेत. ताईने दातओठ खात ते घातले. एखादा चुकून नीट पडला की स्वतःलाच शिव्या द्यायची.

आणि वाजली. बाबांनी कूस बदलली तरी चर्रचर्र. ताई मशीन सोडून धावायची, बाबा झोपलेलेच असायचे. जेवतानाही तिचे कान त्या खोलीकडे आणि घास हातात तसाच.

एका दुपारी मी गेले, तर आवाजच नाही. "गाढ झोपलेत वाटतं," मी म्हटलं. ताईचा चेहरा उतरला. "अगं, झोपेतही वाजते ती!"

कॉट रिकामी. गोधडीही नाही. बाहेरचं दार उघडं. येताना मी ते ओढून घेतलं होतं की नाही, देव जाणे. ताई जिन्याकडे पळाली, आणि मी मूर्खासारखं कॉटखाली वाकून पाहिलं. पलीकडे, भिंतीला पाठ टेकून, बाबा जमिनीवर बसलेले. मांडीवर गोधडी, हातात ताईची सुई.

"ताई, इथेच आहेत!" मी किंचाळले.

ते तिचे टाके उसवून पुन्हा घालत होते, बारीक, एकसारखे, म्हणूनच ती गप्प होती. ताई धापा टाकत समोर बसली. कित्येक महिने तिला ते 'बाई' म्हणतात.

"बाई, ही कुणी शिवली?"

"मीच, बाबा."

"लाज नाही वाटत? माझ्या मुलीचा टाका बघा एकदा."

मला राहवेना. "अहो, हीच तर..." ताईने माझा हात दाबला. तिने दुसरी सुई घेतली, गोधडीचं टोक मांडीवर ओढलं आणि शिवू लागली, तिच्या नेहमीच्या हाताने.

बाबांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि चिडलेच.

"कुठे होतीस गं इतके दिवस? रोज तुला शोधायला निघतो, तर ती बाई मला बाहेरच पडू देत नाही."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण हात थांबला नाही. दोघांनी मिळून गोधडी पार मुकी करून टाकली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "वाजते ना गोधडी?"

"वाजते की!" मी ठणकावून सांगितलं, आणि दाराला पाठ लावून बसले.