औषधाआधीचे रोडगे

माझी बहीण पुण्यात अल्झायमरवरच्या औषधाचं संशोधन करते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक पडदा असतो. बहुतेक औषधं तिथेच अडतात. केसापेक्षा कितीतरी बारीक अशा नॅनोकणांत औषध भरून ते पडद्यापार न्यायचं, हे तिच्या गटाचं काम. वडिलांचं विसरणं तिने हे काम धरल्यानंतर सुरू झालं. आईला तो योगायोग कधी वाटला नाही; देवानेच पोरीला आधी त्या कामाला लावलं, असं ती धरून होती.

गेल्या हिवाळ्यात बहिणीने गावी, देऊळघाटला, आईला फोन केला. "आई, औषध मेंदूत पोचलं." पुढचं ऐकायला आई फोनवर राहिली नाही. औषध निघालं तर मारुतीला रोडगे करीन, असा नवस ती बोलली होती, आणि बोललेलं फेडायला तिला उशीर चालत नाही.

रविवारी बहीण आणि मी गावी पोचलो, तेव्हा शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत होते. शेजारी वांग्याच्या भाजीचं पातेलं होतं. आळीतली माणसं पंगतीला बसली होती, मधोमध वडील.

"आनली काय वो दवा?" शेजारच्या काकूंनी बहिणीला विचारलं.

बहिणीने आईला विहिरीकडे नेलं. मीही मागे गेलो.

"आई, ते उंदराच्या मेंदूत पोचलं."

"कोनाच्या?"

"उंदराच्या. मानसाले द्याले अजून लय वर्सं हायेत."

आईने पंगतीकडे वळून पाहिलं. "म्हंजे अख्ख्या आळीले म्या उंदरापायी जेवू घातलं."

"हाव."

"त्याले तरी गुन आला काय?"

"थोडा आला."

"बरं झालं बाप्पा त्याचं." मग तिने हलक्या आवाजात विचारलं, "तुह्या बाबाले मिळन का ते?"

बहिणीने नकारार्थी मान हलवली. आईने तिच्या खांद्यावरची गाडीतली धूळ झटकली आणि पंगतीकडे वळली. वडिलांच्या ताटात तिने रोडगा चुरला, वर तूप सोडलं. काकूंनी पुन्हा विचारलं.

"आनली नाई," आई म्हणाली. "बनवून राह्यली."

वडील बहिणीकडे पाहत होते. "हे पोरगी कोनाची वो? उभी काऊन हाय? बसव तिले."

आईने तिला त्यांच्या शेजारी बसवलं आणि आधी तिला वाढलं.