साडूभाऊंच्या खात्यातला वारा

वाशीम जिल्ह्यात बसून कोकणचा वारा सांगणारा माणूस उभ्या जगात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा! आमचे साडूभाऊ शेलूबाजारच्या घरी वरच्या खोलीत बसून उपग्रहाची मोजमापं आणि हवामानाची मॉडेलं एकत्र करतात आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज बांधतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. काहून, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाहाले गेलो त मोजत कोन बसन?" एकदा मला त्यांनी शास्त्रही समजावलं. "उपग्रह म्हंजे दिवसातून एखाद-दोनदा येऊन डोयानं पाहून जानारा पाव्हना. मॉडेल म्हंजे न पाहता दिवसभर सांगत राह्यनारा शेजारी. दोघायचं आयकाचं, मंधातलं खरं धराचं." धनजच्या एका लग्नात वावटळीनं मांडव फडफडू लागला. सगळे दोर धरायला धावले, हे पंगतीत मोबाइलवर रत्नागिरीचा वारा पाहत बसलेले. मांडव त्यांच्याच अंगावर बसला. कापडाखालून आवाज आला, "हा जमिनीवरचा वारा हाये. माह्या खात्यात नाही!"

त्यांची मुलगी मात्र खरोखरच समुद्रावर असते. वारा मोजणारी तरंगती यंत्रं दुरुस्त करते. यंदा एका सकाळी मी मानोऱ्याहून सहज त्यांच्याकडे गेलो, तर साडूभाऊंचा चेहरा पार उतरलेला. मुलगी बोटीनं निघून गेली होती आणि त्यानंतर मॉडेलनं दुपारसाठी जोराचा वारा दाखवला होता. उपग्रह म्हणत होता, सगळं शांत. फोन लागत नव्हता.

"मग मधलं धरा ना," मी म्हणालो.

"पोरगी मंधात बसवता येते काय?"

दुपारी त्यांचं जेवणाचं ताट तसंच राहिलं. तीन वाजता फोन वाजला. "बाबा, झुळूकबी नाही इथं. घामानं भिजून राह्यली मी."

साडूभाऊ उठले आणि गल्लीभर पेढे वाटत सुटले. कशाचे, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "चुकलो म्हून! साफ चुकलो!"

संध्याकाळी तिनं दुरुस्त केलेल्या यंत्राचा पहिला आकडा पडद्यावर आला. साडूभाऊंनी माझ्या मेहुणीला हाक मारली, "ये वं, पाह्य. आपल्या पोरीनं धाडलं." ती पदराला हात पुसत आली. आकड्यातलं तिला काहीच कळत नव्हतं. तरी ती तिथंच उभी राहिली.